माहेरच्या नावावरचं कर्ज

‘नमस्कार मॅडम. मी इचलकरंजीची, वय चौतीस. गेल्या आठवड्यात एका माणसाचा फोन आला, “तुमचे तीन हप्ते थकलेत, आज भरा.” मी आयुष्यात कधी कर्ज काढलेलं नाही. पण त्याने माझं माहेरचं नाव घेतलं आणि पॅन नंबर घडाघडा वाचून दाखवला. चार महिन्यांपूर्वी मोबाइलवरून बेचाळीस हजारांचं कर्ज घेतलंय म्हणे. माझं लग्न २०१९ साली झालं, २०२१ मध्ये मी आधार आणि पॅन दोन्हींवर सासरचं नाव लावून घेतलं. लग्नाआधी पुण्यात नोकरीला होते, तेव्हा खोलीसाठी, दोन-तीन इंटरव्ह्यूंना, सिमकार्डासाठी कागद दिले होते. मिस्टर म्हणतात, “कुठे कुठे कागद वाटत फिरलीस?” काल त्या माणसाने दिरांनाही फोन केला. मला तोंड वर करून बोलायची चोरी झालीय. आता तो म्हणतो, पाच हजार भरा, बाकीचं सेटलमेंट करून देतो. भरून टाकू का? आधार नंबर बदलून मिळतो का? आणि सासूबाईंच्या कागदांचं काय करू? त्या रेशनला अंगठा लावतात.’
(नाव प्रसिद्ध करू नये, इचलकरंजी)

ताई, आधी पैशांचं. पाच हजार भरू नका. पाचशेही भरू नका. तुमच्या हातून एक हप्ता गेला की ‘बाईंनी कर्ज मान्य केलंय, फक्त थकवलंय’ असं म्हणायला त्यांना जागा मिळते, आणि मग हे कर्ज माझं नाही हे पटवून देणं दुप्पट अवघड होतं. घरातलं कुणीतरी म्हणेल, जाऊ दे, देऊन टाका, कटकट मिटेल. अशी कटकट मिटत नाही, ती तुमच्या नावावर चढते.

पुन्हा फोन आला की वाद घालत बसू नका. एवढंच म्हणा: ‘कर्ज देणाऱ्या संस्थेचं पूर्ण नाव, कर्जखात्याचा क्रमांक आणि तुमचं अधिकृत पत्र मला लेखी पाठवा.’ तो ‘कन्फर्म करा’ म्हणून जन्मतारीख विचारेल, आईचं नाव विचारेल, ओटीपी आलाय का विचारेल. यातलं काहीही सांगायचं नाही, आणि त्याने पाठवलेली लिंक उघडायची नाही. फोन किती वाजता आला ते एका वहीत लिहून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे वसुलीवाल्यांना सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही, आणि नातेवाइकांना फोन करून माणसाची बेअब्रू करणं तर मुळीच चालत नाही. दिरांना आलेला फोन हा तुमच्या तक्रारीतला एक वेगळा मुद्दा आहे. त्यांच्या मोबाइलमधल्या त्या कॉलचा स्क्रीनशॉट आजच मागून घ्या. दिरांशी बोलायला संकोच वाटत असेल, तर हे काम मिस्टरांना सांगा. त्यांनाही या प्रकरणात काहीतरी करायला मिळू दे.

आता असं कर्ज खरोखर आहे का, हे बघू. कारण काही वेळा कर्ज नसतंच, नुसती धमकी असते. आपल्याकडे माणसाच्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीने वर्षातून एकदा तुमचा पूर्ण अहवाल तुम्हाला फुकट द्यावा, असा नियम आहे. एका कंपनीकडे नोंद असते आणि दुसरीकडे नसते असंही होतं, म्हणून चारही मागवा.

अहवाल हातात आला की बहुतेक लोक पहिल्या पानावरचा स्कोअर बघतात आणि कपाळाला हात लावतात. तुम्ही स्कोअर सोडून द्या, तीन जागा बघा. पहिली, वैयक्तिक माहिती. तिथे तुमच्या नावावर आजवर नोंदलेले पत्ते आणि मोबाइल क्रमांक असतात. त्यात तुमचा नसलेला क्रमांक दिसला, तर पेनाने गोल करा, बहुधा तोच चोराचा. दुसरी, खात्यांची यादी. त्यात हे बेचाळीस हजार कुणी दिले, कोणत्या तारखेला दिले, हे असेल. तिसरी जागा शेवटी असते आणि तिथवर सहसा कुणी पोचत नाही: ‘एन्क्वायरी’. तुमचं नाव घेऊन कुणी कुणी तुमची पत तपासली, त्याची ही यादी. तुम्ही अर्ज न केलेल्या आणखी दोन कंपन्या तिथे दिसल्या, तर चोराने इतरत्रही दार वाजवलं होतं हे कळतं. त्यांनाही पत्र जायला हवं.

चारही अहवालांत हे कर्ज नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर डिजिटल कर्ज देणाऱ्या अॅपची यादी आहे, ती बघा. फोनवाला ज्या अॅपचं नाव घेतो ते त्या यादीतही नसेल, तर हा सरळ खंडणीचा प्रकार समजा आणि तो नंबर थेट पोलिसांकडे द्या.

पण तुमच्या पत्रातल्या एका गोष्टीवर मी फार वेळ अडले. तुम्ही ती जाता जाता लिहिलीत, मला मात्र ती सगळ्यात मोलाची वाटते. फोनवाल्याने माहेरचं नाव घेतलं.

कर्ज चार महिन्यांपूर्वीचं, आणि नाव २०२१ मध्ये बदललेलं. म्हणजे ज्या कागदावर हे कर्ज उभं राहिलं तो कागद त्याच्या आधीचा, तुमच्या पुण्यातल्या दिवसांतला असणार. तेव्हा दिलेली झेरॉक्स इतकी वर्षं कुठेतरी पडून होती आणि आता वापरली गेली. वाईट वाटतं, पण याच गोष्टीने तुमची बाजू भक्कम होते. कर्ज देण्याच्या दिवशी पॅनच्या सरकारी नोंदीत तुमचं नाव सासरचं होतं. संस्थेने त्या दिवशी पॅन क्रमांक टाकून नाव पडताळलं असतं, तर नावं जुळलीच नसती. त्यांनी पडताळलं नाही किंवा न जुळूनही पैसे सोडले. हे उत्तर त्यांनी द्यायचं आहे. तिथला एखादा कारकून म्हणेल, ‘पॅन नंबर तर तुमचाच आहे.’ असणारच. नाव बदललं तरी पॅनचा क्रमांक तोच राहतो. त्यातलं पाचवं अक्षर आडनावाचं आद्याक्षर असतं, आणि तुमच्या पॅनमध्ये ते अजून माहेरचंच असेल. क्रमांक बरोबर आणि नाव चुकीचं, एवढं दाखवलं तरी कागद कुठला होता हे उघड होतं. पॅनवर नाव बदलल्याची पोचपावती, विवाह नोंदणीचा दाखला आणि ‘मायआधार’ या आधारच्या सरकारी संकेतस्थळावर तुमच्या आधारमधल्या बदलांचा इतिहास दिसतो त्याची प्रत, एवढं एका फाइलला लावा.

आणि एक काम आज रात्री जेवणं उरकली की करा, उद्यावर टाकू नका. ‘मायआधार’वर लॉगिन करून ‘ऑथेंटिकेशन हिस्टरी’ उघडा. तुमचा आधार कुणी, कधी, ओटीपीने की ठशाने तपासला, ते तारीख-वेळेसकट तिथे दिसतं. पण फक्त मागच्या सहा महिन्यांचं. तुमचे चार महिने उलटून गेलेत. आणखी दोन महिने ‘बघू, बघू’ करण्यात गेले, तर हा पुरावा पडद्यावरून निघून जाईल. कर्जाच्या तारखेच्या आसपास तिथे काहीच नोंद नसेल, तर तुम्ही ओटीपी दिला नव्हता, अंगठाही लावला नव्हता, कुणीतरी नुसता फोटो चढवून कर्ज काढलं, हे म्हणायला आधार मिळतो. नोंद असेल तर ज्या संस्थेने तपासणी केली तिचं नाव मिळतं. दोन्हीकडून तुमचाच फायदा. पान जतन करा आणि छापून घ्या.

मग संस्थेला पत्र. ईमेलने पाठवा आणि स्पीड पोस्टानेही. मजकूर असा लिहिला तरी चालेल:

‘आपल्याकडील कर्जखाते क्रमांक अमुक हे कर्ज मी घेतलेले नाही. माझ्या ओळखपत्रांचा गैरवापर झाला आहे. कर्जाच्या अर्जाची प्रत, केवायसीसाठी घेतलेली कागदपत्रे व छायाचित्र, अर्जात दिलेला मोबाइल क्रमांक, आणि कर्जाची रक्कम ज्या बँक खात्यात जमा केली त्या खात्याचा तपशील मला द्यावा. चौकशी होईपर्यंत वसुलीचे फोन थांबवावेत व क्रेडिट कंपन्यांकडे ही नोंद वादग्रस्त असल्याचे कळवावे.’

यातलं शेवटून दुसरं वाक्य सगळ्यात जड आहे. डिजिटल कर्जाचे पैसे थेट कर्जदाराच्या बँक खात्यातच गेले पाहिजेत, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा दंडक आहे. ते बेचाळीस हजार तुमच्या कुठल्याच खात्यात आलेले नाहीत. मग कुणाच्या खात्यात गेले? तुमच्या सगळ्या खात्यांची त्या महिन्याची स्टेटमेंटं सोबत जोडा, म्हणजे हा प्रश्न त्यांना टाळता येणार नाही.

ज्या दिवशी हे पत्र जाईल, त्याच दिवशी ज्या अहवालात कर्ज दिसलं त्या क्रेडिट कंपनीकडेही ऑनलाइन तक्रार टाका. ती कंपनी आपल्या मनाने नोंद पुसत नाही, कर्ज देणाऱ्याला विचारून पुसते, म्हणून दोन्हीकडे एकदम कळवायचं. तीस दिवसांत तक्रार मिटली नाही, तर पुढच्या दर दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळते. रक्कम लहान आहे, पण अर्जात तिचा उल्लेख केला की फाइल हलते. तीस दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. तिथे फी नाही, वकील लागत नाही. मदतीसाठी क्रमांक १४४४८.

पोलिसांत जायला तुम्ही कचराल, हे पत्रातून कळतंच. तरी जा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा, तिची पोचपावती घेऊन स्थानिक ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का मागून घ्या. दुसऱ्याची ओळख वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ सी (66C) खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. तोतयेगिरी करून फसवल्याचं कलम ६६ डी (66D). अर्जात दोन्ही लिहा. खात्यातून प्रत्यक्ष पैसे जात असतील तर मात्र पोर्टल वगैरे नंतर, आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. तिथे मिनिटं मोजायची असतात.

मिस्टरांसाठी दोन शब्द. मी सत्तावीस वर्षं एका बँकेत काढली. आमच्या शाखेत खर्च वाचवायचा म्हणून पाठकोरे कागद एकत्र बांधून काउंटरवर ठेवायची पद्धत होती. एकदा शिपायाने चहाचा हिशेब आणून दिला, आकडे पेन्सिलीने लिहिलेले. सहज कागद उलटला, तर मागे आमच्याच एका खातेदाराचं पॅनकार्ड, फोटो आणि सहीसकट. निवृत्त शिक्षक होते, दर महिन्याच्या दोन तारखेला पासबुक भरायला यायचे. त्यांनी तो कागद विश्वासाने माझ्याच हातात दिला असणार. तो गठ्ठा मी घरी नेला आणि रात्री बसून एकेक कागद फाडला, पण त्याआधी असे किती कागद चहाच्या टपरीवर आणि रद्दीत गेले असतील, हा विचार आजही मला टोचतो. तेव्हा कागद वाटत कुणी फिरत नसतं. कागद मागितला जातो, दिल्याशिवाय खोली मिळत नाही, सिम मिळत नाही, नोकरी मिळत नाही, आणि दिल्यावर तो सांभाळायची जबाबदारी घेणाऱ्याची असते. आधारचा पहिला क्रमांक आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी दिला गेला. तेव्हापासून मिस्टरांनी स्वतः किती झेरॉक्स दिल्या, ते त्यांनी एकदा आठवून बघावं.

आधार नंबर बदलून मिळतो का? नाही. तो जन्माचा, पॅनही तसाच. म्हणून नंबर लपवण्यात जीव घालवू नका, तो आता कुठे कुठे गेलाय ते गोळा करता येणार नाही. त्या नंबरने जी दारं उघडतात, ती आपल्या हातात ठेवता येतात.

त्यातलं मोठं दार ठशाचं. आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि अंगठा, एवढ्यावर गावोगावच्या मशीनवर पैसे निघतात. पिन नाही, ओटीपी नाही. जमिनीच्या दस्तांवरचे ठसे उचलून सिलिकॉनचे अंगठे बनवल्याचे गुन्हे अनेक राज्यांत नोंदले गेलेत. ‘मायआधार’वर बायोमेट्रिक लॉक करून टाका, तुमचं आणि मिस्टरांचं आजच. सासूबाईंचं करताना मात्र जरा थांबा. लॉक केल्यावर रेशन दुकानातलं मशीन त्यांचा अंगठा घेणार नाही, आणि त्या माउलीला वाटेल आपलं नावच कापलं. आधी त्यांच्या आधारला जोडलेला मोबाइल नंबर कुणाचा आहे ते बघा, नसेल तर आधार केंद्रावर जाऊन जोडून घ्या. मग लॉक करा. धान्य आणायच्या दिवशी दुकानात पोचल्यावर तुमच्याच मोबाइलवरून थोड्या वेळापुरतं उघडता येतं, मग ते आपोआप बंद होतं. त्यांना पेन्शन असेल तर हयातीच्या दाखल्याच्या वेळीही हेच करायचं.

दुसरं दार सिमकार्डाचं. ‘संचार साथी’च्या संकेतस्थळावर तुमच्या नावावर किती मोबाइल नंबर चालू आहेत ते दिसतं. आपला नसलेला नंबर असेल तर ‘माझा नाही’ असं तिथेच नोंदवता येतं. पुण्यात छत्रीखाली बसलेल्या पोराकडून सिम घेताना ‘मॅडम, ठसा नीट आला नाही, परत ठेवा’ असं तो म्हणाला होता का, आठवून बघा. दुसऱ्या ठशावर दुसरं सिम निघतं, ही जुनी युक्ती आहे. पॅनसाठी प्राप्तिकराच्या पोर्टलवर वार्षिक माहिती विवरण उघडा, तुम्ही न कमावलेला पगार किंवा व्याज तिथे असेल तर कळेल. जीएसटीच्या पोर्टलवर पॅन टाकून शोधलं, तर तुमच्या नावावर कुणी भलताच धंदा नोंदवलाय का तेही दिसतं.

राहिले नवे कागद. जिथे चालेल तिथे मतदार ओळखपत्र किंवा लायसन्स द्या. लॉजला, सोसायटीच्या गेटवर आधार कशाला? आधारच हवं म्हणाले, तर ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात ते ‘मास्क्ड’ आधार द्या. त्याच्या चार-पाच प्रती छापून घरात ठेवा, म्हणजे ऐन वेळी झेरॉक्सवाल्याच्या व्हॉट्सअॅपवर फाइल पाठवायची पाळी येत नाही. तिथे काय होतं ते तुम्हीही पाहिलं असेल. फाइल पाठवायची, भर दुकानात मोठ्याने पासवर्ड सांगायचा, दहा रुपये देऊन निघायचं, आणि फाइल त्याच्या संगणकात तशीच.

प्रत देताना तिच्यावर लिहा: कुणाला, कशासाठी, कोणत्या तारखेला. पण कोपऱ्यात लिहू नका, तेवढा कोपरा झाकून पुन्हा झेरॉक्स निघते. कार्डाच्या चित्रावरून तिरकं लिहा, अक्षरं फोटोच्या कडेवरून आणि नावावरून गेली पाहिजेत. मूळ मजकूर वाचता येईल एवढं पातळ पेन घ्या. समोरचा कुरकुर करतो. करू दे.

तुमच्या पुण्यातल्या घरमालकांचा, त्या कंपन्यांचा पत्ता अजून असेल तर त्यांनाही दोन ओळी लिहा, ‘माझी जुनी कागदपत्रं नष्ट करून कळवा.’ निम्मे उत्तर देणार नाहीत. एखादा देईल, आणि कदाचित कागद कुठून निसटला याचा धागा त्यातच मिळेल.

संस्थेचं उत्तर आलं की मला परत लिहा. बेचाळीस हजार ज्या खात्यात गेले त्यावर कुणाचं नाव निघतं, ते मला कळायला हवं. पोलिसांकडे द्यायचा पुढचा अर्ज आपण त्यावरून करू.